दोराचं दुसरं टोक

१

विंचचा दोर धुवायला साबण लागत नाही. साधं पाणी, मोठी बादली आणि वेळ. वेळ माझ्याकडे भरपूर होता.

शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी आणि माझे यजमान निरंजन शहरातल्या, शनवाऱ्यातल्या घराला कुलूप लावून दापोऱ्याच्या शेतावर राहायला आलो. चार एकर केळी, दोन खोल्या, पुढे ओटा. माझा उजवा गुडघा तोवर कामातून गेलेला होता. काळ्या मातीत दहा पावलं चालले की तो माझ्याशी भांडायला उठायचा. म्हणून एटीव्ही घेतली. मोटारसायकलसारखं हँडल, चार जाड चाकं, मागे केळीचे घड वाहायला छोटी ट्रॉली. गावात तिला ‘मॅडमची चार पायांची फटफटी’ म्हणतात. म्हणू देत. पावसाळ्यात ज्यांचे ट्रॅक्टर बांधाशी रुतून बसतात त्यांनी माझ्या गाडीला नावं ठेवू नयेत.

तीही रुतते, नाही असं नाही. मग पुढे बसवलेली विंच कामाला येते. लोखंडी ड्रमवर गुंडाळलेला पंधरा मीटर दोर, त्याच्या टोकाला हूक. बांधावरच्या निंबाला पट्टा बांधायचा, हूक त्यात अडकवायचा, बटण दाबायचं. गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. हूक केळीच्या खोडाला मात्र अडकवू नये. ते सगळं पाण्याचं खोड, मुळासकट आडवं होतं आणि गाडी चिखलात तशीच. हे मी करून पाहिलेलं आहे.

निरंजन गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर दोन-तीन महिने मी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. ती अंगणात उन्हात उभी होती आणि आमचा पहिला दोर पांढरा पडून त्याला केस निघाले होते. तसा दोर वापरत नाहीत. नवा घ्यायला गेले तेव्हा शनवाऱ्यातल्या स्पेअरपार्टवाल्या चंदनशी माझं चांगलंच वाजलं.

“मॅडम, यावेळी तार घ्या, तार. ही दोरी म्हणजे प्लास्टिक समझो. लोखंडाचा भरोसा वेगळा असतो.”

“तार तुटली की उलटी येते, चंदन. समोरच्याचा पाय घेऊन जाते. हा दोर तुटला तर जागच्या जागी पडतो.”

“पण याला संभाळावं लागते ना. ऊन नको, रेती नको, गरमी नको. एकदम लहान लेकरासारखं.”

“मग संभाळीन. मला दुसरं काय काम आहे?”

तो हसला. मी काही गंमत केली नव्हती.

२

संभाळायचं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चिखलात काम झालं की दोर पुरा बाहेर काढायचा. ड्रमवर फक्त सहा वेढे ठेवायचे. बादलीत घुसळून पेडांमधली रेती काढायची, कारण रेती आतून कापते. मग सावलीत वाळवायचा. केळीच्या सावलीसारखी दुसरी सावली नाही. ऊन खाली पोचत नाही आणि वारा खोडांमधून फिरत राहतो. दोन ओळींच्या मधल्या पट्टीत मी जुन्या लुगड्याचे तुकडे अंथरते आणि त्यावर दोर सरळ सोडते.

इथवर एकटीचं काम. पुढचं दोघांचं. दोर सैल गुंडाळला तर पुढच्या खेपेला जोर येताच वरचे वेढे खालच्या वेढ्यांत घुसतात, अडकतात, दोर खराब होतो. म्हणून गुंडाळताना दुसऱ्या टोकाला वजन हवं. एकाने हाताला कापड गुंडाळून हूक धरायचा, मागे रेलायचं आणि दोर ओढेल तसं हळूहळू पुढे चालत यायचं. गाडीजवळ आलं की सोडून द्यायचं, नाहीतर बोटं ड्रममध्ये.

हे काम निरंजनचं होतं. फार वाईट करायचे. मध्येच हिसका द्यायचे, मध्येच मला हसवायचे, बोटांच्या भीतीने लवकर सोडून द्यायचे. ते गेल्यावर मी हूक निंबाला अडकवून, गाडीवर बसून, ब्रेक किंचित दाबून गाडीच निंबाकडे ओढत न्यायला लागले. तसंही जमतं, पण वेढे सारखे बसत नाहीत.

देवरामला सांगता आलं असतं. तो आमच्याकडे पंधरा वर्षं कामाला आहे, सकाळी येतो, दुपारी एकला घरी जातो. पण अमुक एक काम माझ्याच्याने होत नाही असं देवरामला कळलं की संध्याकाळपर्यंत ते इंदूरला पूर्णिमाला कळतं. आणि पूर्णिमा, माझी एकुलती एक लेक, नेमकी त्याचीच वाट बघत होती. मला शेतावरून हलवायचं आणि इंदूरला आठव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं, हे तिचं ठरलेलं होतं. तिथे गेले तर मी मरेन असं नाही. पण मी तिथे कोण असेन, हे मला कळत नव्हतं.

३

श्रावणात दोन दिवस उघडीप पडली. सकाळी दोर धुऊन पट्टीत सोडला. साडेचारला हात लावून पाहिला, सुकला होता. गाडी पट्टीच्या तोंडाशी लावली. आधी तसाच सैल आत घ्यायचा, मग निंबाकडे जाऊन पुन्हा सोडून नीट गुंडाळायचा, असा माझा विचार होता. गाडीशेजारी उभी राहून रिमोटचं बटण दाबलं.

दोन वेढे सैल गेले. तिसरा ताणून गेला.

दोर जमिनीवरून उठला आणि कमरेच्या उंचीवर सरळ झाला. केळीत चार मीटरच्या पुढे काही दिसत नाही, जुनी पानं खाली लोंबत असतात. दोर त्या पानांत शिरत होता आणि पुढे कुठे जात होता ते दिसत नव्हतं.

ठिबकच्या नळीत हूक अडकला असणार, असं मी ठरवलं. तरीही बटण सोडलं नाही, हा मूर्खपणा. नळी अडकली तर दोर हिसके देतो, नळी फाटते, पाणी उडतं. इथे हिसका नव्हता. ओझं असलं की विंचचा आवाज थोडा जड होतो, तसा तो झाला आणि तसाच राहिला. वेढ्याला वेढा चिकटून बसत होता. इतके देखणे वेढे मी त्या ड्रमवर कधी पाहिले नव्हते.

मग एकदम ताण गेला. दोर मातीवर पडला आणि राहिलेला सरपटत माझ्याकडे आला.

मी गुडघा सांभाळत पट्टीत गेले. नळी शाबूत होती. हूक घसटत आल्याची रेघ मातीत होती, पण ती मधूनच कुठूनतरी सुरू होत होती. त्याच्या पलीकडे, सकाळी जिथे हूक ठेवला होता तिथपर्यंत, माती कोरी होती. पावलं होती, पण ती माझ्या चपलांची. सकाळी मीच तिथे फिरले होते.

४

एकतीस वर्षं पोरांना सांगत आले, एकदा झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही. म्हणून चार दिवसांनी दोर पुन्हा धुतला. फारसा मळलाही नव्हता.

यावेळी दोरावर मीटर-मीटरवर लाल दोऱ्याच्या खुणा केल्या. ओला दोर आकसतो का, जमिनीला उतार आहे का, हुकाचं वजन किती, सगळं तपासून घेतलं. साडेचारला बटण दाबलं. दोन वेढे सैल, तिसरा ताणून. पहिल्या खेपेला ताण सुटला तेव्हा, अंदाजाने, दहा मीटर दोर बाहेर होता. यावेळी खुणेवरून मोजला. साडेआठ.

त्याच्या पुढच्या खेपेला सात.

म्हणजे जे कोणी टोक धरत होतं ते दर वेळी माझ्या थोडं जास्त जवळ येऊन सोडत होतं. पानांच्या अगदी आतल्या बाजूला. मी तिथे टक लावून बघायची. पान हललेलं दिसायचं, पण केळीत पान कधी हलत नाही?

मला भीती वाटत होती. आणि सांगायला लाज वाटते, पण भीतीपेक्षा जास्त बरं वाटत होतं. दोन वर्षांत माझ्या कामाला कुणी हात लावला नव्हता. देवराम हुकूम ऐकतो, ते वेगळं. इथे मी ओढत होते आणि पलीकडून कुणीतरी तेवढंच, अगदी तेवढंच, रेलून धरत होतं. रात्री मला झोप छान लागायला लागली. दुपारपासून माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

५

पूर्णिमाचा फोन रोज सात वाजता.

“जेवलीस का? गुडघा कसा आहे?”

“सात वाजता कोण जेवतं? गुडघा मजेत आहे, तुझी चौकशी करत होता.”

“आई, सीरियसली. देवरामकाका म्हणत होते, तू रोज ती रस्सी धूत बसतेस.”

“रोज नाही. आणि रस्सी नाही, दोर.”

“जे काय असेल ते. यार, तू अकेली किती दिवस करणार हे सगळं?”

“जमतंय तोवर.”

“ठीक आहे. मग पोळ्यानंतरच्या रविवारी मी येते. सगळं माझ्यासमोर एकटीने करून दाखव. जमलं तर मी परत हा विषय काढणार नाही, प्रॉमिस. नाही जमलं तर त्याच दिवशी बॅग भरायची आणि माझ्यासोबत निघायचं. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले. एवढ्या तोऱ्यात म्हणाले की फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. मग हसू गेलं आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

६

निरंजनच असतील, असं मनात यायला वेळ लागला नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, त्यांचाही नव्हता. पण संध्याकाळी साडेचारला, पिवळ्या उजेडात, ताणलेल्या दोराकडे बघताना विश्वासाचं कुणी विचारत नाही.

पुढच्या खेपेला दोर साडेपाच मीटरवर आला आणि मी म्हणाले, “अहो, तुम्ही का?”

ताण तिथल्या तिथे गेला. दोर पडला. हूक पडल्याचा आवाजही ऐकू आला, पानांच्या मागे, अगदी जवळ.

त्यानंतर दोन खेपा दोर सैल आला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, निर्जीव, मातीत लोळत. ड्रमवर वेढे कसेही पडले. मी ते तसेच सोडून ओट्यावर येऊन बसले आणि रडले. नवरा गेला तेव्हा चार माणसांत रडले होते. असं एकटीने, हुंदके देऊन रडायची माझी ती पहिली वेळ. आपण त्याला भलत्याच नावाने हाक मारली आणि त्याला ते लागलं, असंच मला वाटत होतं.

आणि रडता रडता दुसरंही कळलं. ते निरंजन नव्हते. त्यांनी धरलेला दोर माझ्या हाताला पाठ होता. हिसके, थट्टा, घाई. हे टोक धरणारं माणूस शिस्तीचं होतं. काम नीट झालं पाहिजे, यापलीकडे त्याला कशाशी देणंघेणं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मी काही बोलले नाही. दोन वेढे सैल गेले, तिसरा ताणून. मी डोळे पुसले आणि बटण दाबून धरलं.

७

पोळ्याच्या आदल्या दिवशी देवराम बैलांचा साज न्यायला म्हणून दुपारनंतर पुन्हा येऊन गेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घड उतरवताना त्याने सहज विषय काढला.

“मॅडम, परवा मी आवाज देला ना तुम्हाले. दोनदा देला. तुम्ही वळूनच नाई पायलं.”

“कधी?”

“हेच, साडेचार-पावणेपाचले. मी त्या आंगच्या बांधावरून जाऊन रायलो व्हतो. तुम्ही केळीत उभ्या. माह्याकडे पाठ. दोर धरेल व्हता दोन्ही हातानं.”

साडेचारला मी ओट्यासमोर होते, गाडीशेजारी. केळीच्या अलीकडे.

“मीच होते कशावरून?”

देवराम हसला. “मॅडम, पंधरा वर्षं झाले. तुमची पाठ नाई ओळखणार का मी? आन् ते लंगडनं.” मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो. “म्हंजे, गुडघ्यामुळं. थोडं थोडं.”

खरं बोलले असते तर देवरामने घाबरून फोन केला असता आणि पूर्णिमा रविवारची वाट न बघता रात्रीच येऊन उभी राहिली असती. म्हणून मी म्हणाले, “हो, मीच होते. ऐकू आलं नाही रे. गाडी चालू होती.”

“मंग बटन कोन दाबे?” त्याने विचारलं. सरळ मनाने विचारलं.

“ते आपोआप चालतं,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी दोर धुतला नव्हता, तरी पट्टीत सोडला आणि गुंडाळला. फक्त लक्ष देऊन बघायला. ताण एकसारखा असतो असं मी समजत होते. तो अगदी एकसारखा नव्हता. दर दुसऱ्या पावलाला तो एवढासा कमी व्हायचा आणि लगेच भरून यायचा. उजव्या पायावर पूर्ण भार देता न येणारं माणूस चालत असलं तर होईल तसा. चार मीटरच्या खुणेला तो सुटला.

चार मीटरवर पानं संपतात. पुढच्या खेपेला मला दिसणार होतं.

८

मग मी दोराला हात लावला नाही. दोन दिवस लावला नाही. शनिवारी सकाळी ट्रॉली भरून येताना गाडी रुतली, विंच वापरावी लागली, आणि दोर चिखलाने माखला. तो तसा ठेवणं शक्य नव्हतं. रविवार उद्यावर होता.

रविवारी पूर्णिमा आली ती साडेतीनला, लाल गाडीतून, सोबत डबा आणि माझ्या गुडघ्यासाठी नवा पट्टा घेऊन. मी तिला चहा दिला. तिने घर बघितलं, गॅस बघितला, औषधांची तारीख बघितली. मग ओट्यावर खुर्ची टाकून बसली.

“चल, दाखव तुझी कमाल.”

दोर सकाळीच धुऊन पट्टीत सोडलेला होता. मी गाडी तोंडाशी लावली.

“याला दुसरं माणूस लागतं ना? बाबा धरायचे. मी धरू का?”

ती उठलीसुद्धा होती. मी तिला ओरडून बसवलं. शाळेत ओरडायची तशी. तिला पट्टीत पाठवायचं नव्हतं, हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की तिने टोक धरलं असतं तर मला एकटीने जमत नाही हे सिद्ध झालं असतं. मी हे शेत सोडणार नव्हते. पानांतून जे काय यायचं ते येऊ दे, असं मी स्वतःला म्हणाले आणि बटण दाबलं.

दोन वेढे सैल. तिसरा ताणून.

दहा. आठ. “अरे वा,” पूर्णिमा मागून म्हणाली. “किती टाइट जातेय.” सहा. पाच. पानं बाजूला होत होती, कुणी खांद्याने सारत असल्यासारखी. चार.

सुटला नाही.

आधी हात दिसले. हूक पोटाजवळ धरलेले, कापड गुंडाळलेले दोन हात. मग साडीचा काठ, चिखलाने जड झालेला. उजवं पाऊल घासत पुढे आलं. चेहरा अजून एका पानाच्या मागे होता आणि ते पान आता सरकणार होतं.

मी डोळे मिटले. बटण मात्र सोडलं नाही. अंगवळणी पडलेलं काम होतं, अर्धं टाकवलं नाही.

विंच थांबल्याचं ऐकू आलं. मी डोळे उघडले.

माझ्या हातात रिमोट नव्हता. हूक होता. हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, जी मी कधीच गुंडाळली नव्हती, आणि माझे पाय केळीच्या तोंडाशी, चिखलात होते. गाडी समोर, हातभर अंतरावर. गाडीपलीकडे एक बाई उभी होती. पाठमोरी. तिच्या हातात रिमोट होता आणि ती ओट्याकडे बघत होती.

“आई, मान गए!” पूर्णिमा खुर्चीतून उठली आणि धावत तिच्याकडे गेली. तिला मिठी मारली. “पण खरं सांग, दमतेस ना? माझी शप्पथ.”

ती बाई माझ्या आवाजात म्हणाली, “हो गं. फार दमते.”

९

मी हाक मारली. “पूर्णिमा.”

तिने वळून बघितलं. अगदी नीट, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली. मग ती त्या बाईच्या दंडाला धरून घरात गेली.

मला आत जाता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं, दार उघडं होतं. मी ओट्याच्या पायरीपर्यंत गेलेही. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, बॅगची चेन सरकल्याचा आला. दोन आवाज बोलत होते. एक पूर्णिमाचा आणि दुसरा माझा. दुसरा सांगत होता की शाल वरच्या फळीवर आहे, रक्तदाबाच्या गोळ्या उशीखाली आहेत. सगळं बरोबर होतं. आत गेले तर मला तो चेहरा बघावा लागेल, आणि तो माझा असेल तर मग माझा कुठला, या विचाराने मी पायरीवरूनच मागे फिरले. आयुष्यात इतकी भित्री मी कधी नव्हते.

पूर्णिमाची लाल गाडी निघाली. माझ्याजवळ येऊन थांबली. काच खाली झाली. पलीकडच्या सीटवर ती बसली होती, तोंड पलीकडच्या काचेकडे, बांधावरच्या निंबाकडे. सीटबेल्ट तिला लावता आला नव्हता, पूर्णिमाने लावून दिला असावा, कारण पदर त्यात अडकला होता.

“मावशी,” पूर्णिमा मला म्हणाली, “आई सांगत होती, रोज तुम्हीच दोर धरता म्हणून. थँक यू हां. मला वाटायचं ती इथे एकदम अकेली आहे.”

तिच्या कानातले डूल मी घेतलेले होते. तिच्या भुवईवरची खूण मला माहीत होती, कशी झाली तेही.

“आता ती इंदूरलाच राहील माझ्याकडे. स्वतःहून तयार झाली, सोचो. शेत काही विकत नाही आम्ही. देवरामकाका आहेत, आणि तुम्ही आहातच. सांभाळाल ना?”

ती उत्तराची वाट बघत होती. लहानपणापासून तिची सवय आहे, समोरचं माणूस कुणीही असो, हो म्हणेपर्यंत ती डोळ्यांत बघत थांबते. त्या डोळ्यांत मी मला शोधलं. तिथे शेतावरची एक बाई होती, हाताला चिंधी गुंडाळलेली.

“हो, ताई,” मी म्हणाले.